कसणाऱ्याचं नाव बाराच्या नमुन्यात लिहा

१५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या सरकारी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. गावात त्याला सगळे फार्मर आयडीच म्हणतात. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा, या तिघांचा मेळ बसला की आयडी निघतो. अ‍ॅग्रीस्टॅक नावाच्या देशव्यापी व्यवस्थेचा हा भाग आहे आणि त्यामागचा हेतू चांगला आहे, हे आधीच सांगतो. दर योजनेला तेच ते कागद जोडायचे, पटवाऱ्याकडे खेटे घालायचे, झेरॉक्सवर पैसे घालवायचे, यातून माणूस सुटत असेल तर सुटायलाच हवा. माझा आक्षेप वेगळा आहे. शेतकरी कोण, या प्रश्नाचं उत्तर या क्रमांकाने ठरवून टाकलं आहे आणि ते उत्तर चुकीचं आहे. ज्याच्या नावाने जमीन, तो शेतकरी, असं ते उत्तर. विदर्भातल्या गावात जो कुणी एक हंगाम काढील त्याला दिसेल की वावर एकाच्या नावाने असतं आणि वाहतं दुसरंच कुणी. ते दुसरं कुणी पुष्कळदा बाई असते, नाहीतर ठेक्याने (रोख भाड्याने), बटईने (वाट्याने) करणारा गडी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या सभागृहात आयडीचं शिबिर होतं. टेबलामागे लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा गावातलाच. पन्नाशीची एक बाई पिशवीतून आधार, पासबुक, रेशन कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवत होती.

“काकू, सातबारा तुमच्या नावानं हाये का?”

“नाई जी. वावर मामाजीच्या नावानं हाये. त्याईले जाऊन बहुत वर्सं झाले.”

“फेरफार नाई केला?”

“थो दिराच्या भांडनात अडकला.”

“मग काकाले पाठवा. वारसात त्याईचं नाव लागन, मंग त्याईचा आयडी निघन.”

“थे नागपूरले हायेत कामाले. वावर मीच करतो.”

मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. त्याचा काही दोष नव्हता. वावर मीच करतो, हे वाक्य भरायला त्याच्यापुढच्या अर्जात जागाच नव्हती. त्याने कागद नीट एकावर एक लावून तिला परत दिले आणि पुढच्याला हाक मारली.

आता ही बाई वर्षभर काय करते ते बघू. उन्हाळ्यात मागच्या सालची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झाली की धसकटं वेचायची ती बायांनी. पहिला बरा पाऊस पडला की सरकी टोबायची, म्हणजे मातीत टोचून लावायची, एका-एका फुलीवर वाकून. बियाणं उगवलं नाही तिथे खाडे भरायचे, म्हणजे पुन्हा टोबायचं. खताची पाटी कमरेवर घेऊन झाडाझाडापाशी चिमूट टाकत जायचं. निंदण दोनदा, पाऊस लागून राहिला तर तीनदा. बैलांनी ओढायचा डवरा गडीमाणसाच्या हाती, फवाऱ्याचा पंपही बहुतेक त्याच्याच पाठीवर, पण पंपात टाकायला पाणी नाल्यावरून आणायचं ते बाईने. दसऱ्याच्या मागेपुढे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून वेचणी सुरू होते आणि ती पुढे तीन-चार वेचे चालते, थंडीत पहाटेचं दव अंगावर घेत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात. त्या चिरांना भाकरी थापताना मीठ लागलं की कळतं. घरच्या वेचणीच्या मधल्या दिवसांत हीच बाई दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावाने वेचायला जाते, म्हणजे एकाच आठवड्यात ती शेतकरीही असते आणि मजूरही.

कापूस विकायला निघाला की तिचं नाव पुसलं जातं. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. तो मिळवायचा तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीसाठी कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागते, आणि नोंदणीला जमिनीचा कागद, पिकाची नोंद, आधार. ज्याच्या नावाने कागद नाही त्याला दारावर येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याचा भाव. तो काय भाव देतो आणि त्याचा काटा काय दाखवतो, हे कापूस पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. जमिनीचं नाव आणि पिकाची किंमत यांचा संबंध असा थेट आहे. हमीभाव सगळ्या शेतकऱ्यांना जाहीर होतो, पण हातात पडतो तो खातेदाराच्या.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्के खाती बायकांकडे होती. ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास बायका शेतीत आहेत, असं केंद्र सरकारची श्रमबळाची पाहणी दर वर्षी सांगते. या दोन आकड्यांमधल्या दरीत बसलेली बाई कुठल्याच यादीत सापडत नाही. बँकेत पीककर्जाला गेली तर नवऱ्याला आणा, कृषी सहायकाकडे बियाण्याच्या अनुदानाला गेली तर सातबारा आणा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० हे तर सरळसरळ जमीनधारक कुटुंबालाच आहेत, आणि खातं बहुधा पुरुषाचं.

उलट बाजूही बघा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे नागपुरात, पुण्यात, मुंबईत नोकरी करणारे कितीतरी लोक वडिलोपार्जित दोन एकरांवरचं आपलं नाव जपून ठेवतात. त्या सातबाऱ्यावर शेतकरी असल्याचा दाखला निघतो आणि पुढे कुठेही जमीन घेता येते. त्यांच्याशी माझं भांडण नाही. वाडवडिलांची जमीन त्यांचीच आहे, ती त्यांनी ठेवावी, विकावी, मुलांना द्यावी. पण पंधरा वर्षांत बांधावर न आलेला माणूस सरकारच्या लेखी शेतकरी, आणि त्याच वावरात सरकी टोबणारं माणूस मात्र कुणीच नाही, हे मला पटत नाही आणि ते कुणालाही पटू नये. मालक असणं आणि शेतकरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही घरांत त्या एकाच माणसात असतात, बऱ्याच घरांत नसतात. आपल्या कागदपत्रांनी दोन्ही एकच धरल्या आणि तिथे सगळं चुकत गेलं.

ठेक्याने, मक्त्याने, बटईने वावर करणाऱ्यांची गत बाईपेक्षा निराळी आहे, पण मूळ तेच. विदर्भात हे व्यवहार तोंडी होतात. ठेक्याची रक्कम बहुतेक ठिकाणी पेरणीच्या आधी रोख मोजायची, पीक आलं तर आलं, नाहीतर पैसे गेले. बटईत खर्च आणि उत्पन्न ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचं. चिठ्ठीचपाटी नाही. याचं कारण मालकाचा दुष्टपणा, असं म्हणून चालणार नाही. कारण कायद्यात आहे. विदर्भासाठी १९५८ साली वेगळा कुळवहिवाट कायदा झाला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला संरक्षण मिळावं, हा त्याचा हेतू होता आणि त्या काळी तो अगदी रास्त होता. मालगुजारांच्या, मोठ्या जमीनदारांच्या प्रदेशात कुळाच्या पाठीशी कायदा उभा राहणं ही मोठी गोष्ट होती. पण आज पाच एकरांचा मालक सात एकरांच्या शेजाऱ्याला ठेक्याने वावर देतो तेव्हाही त्याच्या मनात भीती तीच असते की कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क लागेल. म्हणून कागदच नाही. कुळाच्या हितासाठी झालेल्या कायद्याच्या धाकाने आजचा कसणारा बिननावाचा राहिला आहे. पीक विम्यासाठी त्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तो कुठून आणणार? अतिवृष्टीने वावर खरडून निघालं, पंचनामा झाला, आपत्ती निधीच्या निकषाप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये मंजूर झाले, तर ते जातात खातेदाराच्या खात्यात. मालक भला असेल तर त्यातले थोडे देतो. अशी भली माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मात्र नुकसानभरपाई हा हक्क आहे. ती कुणाच्या भलेपणावर सोडून देण्याची गोष्ट नाही.

मग मरणाचा प्रश्न येतो, आणि विदर्भात तो टाळून शेतीवर लिहिता येत नाही.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला राज्य सरकार एक लाख रुपये देतं. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ही पद्धत बसवली: ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. पात्र ठरायला जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं आणि ते फेडता न आल्याने जीव दिला असं दिसायला हवं. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि कागदावर पात्र किंवा अपात्र असा शेरा पडतो. ठेक्याने करणाऱ्याची जमीन त्याच्या नावावर नसतेच. जमीन नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही. त्याचं कर्ज म्हणजे कृषी केंद्रातली बियाणं-खताची उधारी, बिनपरवान्याच्या सावकाराचे व्याजी पैसे, मेहुण्याकडून घेतलेले उसने, बचत गटातून बायकोच्या नावाने काढलेले. हे सगळं खरं कर्ज आहे, तगादाही खरा आहे, पण समितीच्या टेबलावर ठेवता येईल असा एक कागद नाही. नोंद नव्हती म्हणून अधिकृत कर्ज मिळालं नाही आणि अधिकृत कर्ज नव्हतं म्हणून मरणही अपात्र ठरलं. एका कागदाच्या अभावी माणूस असा दोनदा नाकारला जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यातले ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. एकट्या महाराष्ट्रातले ४,२४८. मजुरांचा आकडा शेतकऱ्यांपेक्षा मोठा आहे, याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. त्या अहवालाच्या व्याख्येत दुसऱ्याची जमीन कसणाराही शेतकरीच धरला आहे. पण पंचनामा लिहायला बसलेल्या जमादाराने सातबारा नसलेल्या माणसापुढे काय लिहावं? बहुतेक वेळा मजूर. आणि बाईने जीव दिला तर गृहिणी. तिने आयुष्यभर निंदलं, वेचलं, डोईवर भारे वाहिले, शेवटी तिच्या मरणावरचा शेरासुद्धा तिच्या कामाची ओळख देत नाही.

मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं, हे महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ बायकांकडे जाऊन विचारलं. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या या बायका. त्यांतल्या ४० टक्के बायकांच्या नावावर शेतजमीन झालेली नव्हती. घरावर हक्क मिळालेल्या केवळ ३५ टक्के. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती शेतजमिनीलाही लागू आहे, विधवेचा वाटा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून कायद्याने मान्य आहे, तरी ही स्थिती. फेरफाराचा अर्ज, वारसांची यादी, दिराची-सासूची सही, तहसीलचे हेलपाटे, आणि सही मागायला गेलं की नवऱ्याला खाल्लीस आता वावर खातेस का, असं ऐकून घ्यायचं. २०१९ मध्ये सरकारने या बायकांना वारस नोंदीपासून इतर योजनांपर्यंत प्राधान्य द्यावं अशा सूचना काढल्या. सूचना चांगल्या आहेत. ज्या तालुक्यात कुणी कार्यकर्ती पाठीशी उभी राहते तिथे त्यांचा उपयोगही होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, शेकडो रुग्णालयात होती. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदलेली, पाठीवर पंप. मेलेल्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूर बरेच होते. त्या वेळी गाजावाजा झाला म्हणून सरकारने मदत दिली. पण नेहमीच्या दिवसांत शेतात साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी अपघात योजना आहे, तिचे दोन लाख मिळतात खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. वीज झाडाखाली उभ्या असलेल्या मालकावर आणि मजुरावर सारखीच पडते.

हे सगळं बदलता येणार नाही, असं जे म्हणतात त्यांना मी गडचिरोली दाखवीन. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक दाव्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं कायद्यातच लिहून ठेवलं. अर्ज करायला नको, नवऱ्याने मनाचा मोठेपणा दाखवायला नको. पट्टा निघतो तोच दोन नावांनी. आणि मुळात त्या कायद्याने विचारलेला प्रश्न असा आहे की ही जमीन तू कसत आलास का, या जंगलावर तू जगत आलास का. कागदावर मालक कोण, हा त्याचा पहिला प्रश्नच नाही. मेंढा-लेखासारख्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो ग्रामसभेने स्वतः पुरावे मांडून. ज्या राज्याच्या पूर्व टोकाला हे होऊ शकतं, त्याच राज्याच्या कापूस पट्ट्यात का होऊ नये?

शेतकरी संघटनेची आठवण विदर्भात अजून ताजी आहे, म्हणून तेही सांगितलं पाहिजे. शरद जोशींनी १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली: घरधन्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा, आणि ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. कापसाच्या भावासाठी रेल्वे अडवणाऱ्या पुरुषांना त्यांच्याच नेत्याने हे सांगितलं, याचं मोल मला फार वाटतं. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाने परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावं. ते परिपत्रक आजही कामाचं आहे. माझी त्यावर तक्रार एवढीच की किल्ली नवऱ्याच्याच हातात राहिली. त्याने अर्ज दिला तर बाई शेतकरी, नाही दिला तर नाही.

धोरणाच्या पातळीवर तर आपण हे कधीच मान्य करून बसलो आहोत. एम. एस. स्वामिनाथन यांच्या आयोगानंतर २००७ साली राष्ट्रीय शेतकरी धोरण आलं. त्यात शेतकरी कोण याची यादी मोठी आहे: जमीन कसणारे, कुळं, बटईदार, शेतमजूर, गुरं पाळणारे, मासेमारी करणारे, मधमाश्या पाळणारे, वनोपज गोळा करणारे आदिवासी. पुढे राज्यसभेत असताना स्वामिनाथन यांनीच महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खाजगी विधेयक मांडलं. बाई शेती करते याचा दाखला ग्रामपंचायतीने द्यावा, अशी त्यात कल्पना होती. ते विधेयक पुढे गेलं नाही. आता संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. भाषणं होतील, सत्कार होतील. सत्काराला माझा विरोध नाही, पण शाल-नारळ घेऊन घरी गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी फार्मर आयडी मिळायला हवा.

२००७ च्या धोरणाची यादी मनाने मोठी आहे, तरी योजना राबवायला ती फार पसरट आहे असं मला वाटतं. सगळ्यांना एकाच नावाखाली आणलं की पैसे वाटताना पुन्हा ज्याचा कागद मोठा तोच पुढे येतो. मजुराला किमान मजुरी, अपघाताचं संरक्षण, म्हातारपणी पेन्शन हवी. त्याला पीक विमा देऊन उपयोग नाही. म्हणून मी सुरुवात एका जागेपासून करीन: या हंगामात या गटात, म्हणजे जमिनीच्या या तुकड्यात, पीक कुणी लावलं?

त्याची जागा आपल्याच कागदात तयार आहे. सातबारा म्हणजे दोन नमुने. सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. सातमध्ये मालक कोण ते येतं, ते तसंच राहू द्या, त्याला हात लावू नका. बारामध्ये दर हंगामाचं पीक येतं. पूर्वी पटवारी चावडीत बसून ते लिहायचा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद आपोआप होते. तिथेच एक रकाना द्या: कसणारे. त्यात नाव एकही असेल, दोनही असतील. नवरा-बायको मिळून करत असतील तर दोघांची. मालक स्वतः करत असेल तर त्याचं. ठेक्याने दिलं असेल तर ठेकेदाराचं आणि ठेकेदाराच्या बायकोचं. ही नोंद ग्रामसभेत वाचून दाखवायची. गावात कुणाचं वावर कोण करतं हे लपून राहत नाही, पाणवठ्यावर, पारावर, पिठाच्या गिरणीत सगळ्यांना ठाऊक असतं. खोटं नाव घुसवलं तर उठून बोलणारं कुणीतरी निघतंच. या नोंदीवर हंगामापुरता शेतकरी क्रमांक द्या आणि पीककर्ज, पीक विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी, अपघाताचं संरक्षण या पाच गोष्टी त्या क्रमांकाला जोडा. जमिनीवर उभं राहणारं जे आहे, विहीर, फळबाग, ठिबक, ते मालकाच्या संमतीने राहू द्या.

मालकाची भीती खरी आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय हे चालणार नाही. आंध्र प्रदेशाने ते दिलं. २०११ मध्ये तिथे परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा आला, पुढे २०१९ मध्ये नवा कायदा करून अकरा महिन्यांचं कसणाऱ्याचं कार्ड आणलं. कार्ड पिकापुरतं, मालकी हक्काला धक्का नाही, हे कायद्यातच. तिथेही मालक सही द्यायला कचरतात आणि कितीतरी कसणारे अजून कार्डाविना आहेत, हे लक्षात घेऊनच मी ग्रामसभेची साक्ष धरायला सांगतो, मालकाच्या सहीवर सगळं टांगून ठेवू नका. २०१६ मध्ये टी. हक समितीने नीती आयोगाकडे जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला, त्याचंही सूत्र हेच: मालकाची मालकी पक्की आणि कसणाऱ्याचा हंगाम पक्का. महाराष्ट्राने विदर्भाच्या १९५८ च्या कायद्यात एक कलम घालावं, की बारातल्या कसणाऱ्याच्या नोंदीने कुळाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. एवढं झालं तर निम्मे मालक स्वतः नाव सांगतील. आजही ठेक्याच्या भांडणात त्यांच्याकडे कागद नसतो, आणि ठेकेदाराने पीक काढून नेऊन पैसे बुडवले तर कोर्टात दाखवायला काही नसतं.

बाईचं नाव लिहिलं तर घरात भांडणं लागतील, असंही सांगतात. सांगणारे बहुतेक पुरुष असतात. भांडणं आजही आहेत, ती बाई एकटी गिळते. आणि इथे जमिनीची वाटणी मागितलेली नाही. ती सरकी टोबते ते लिहा, एवढंच मागणं आहे. जनगणनेत प्रगणक घरी येतो तेव्हा तो सातबारा मागत नाही. वर्षात काय काम केलं ते विचारतो, आणि दुसऱ्याची जमीन पैशाने किंवा वाट्याने करणाऱ्यालाही शेतकरी म्हणूनच मोजतो. २०११ च्या जनगणनेत असे ११.८८ कोटी शेतकरी आणि १४.४३ कोटी शेतमजूर निघाले. म्हणजे माणसं मोजताना सरकारला कामावरून शेतकरी ओळखता येतो. पैसे देतानाही आला पाहिजे.

शिबिरं कधी लावायची, हा प्रश्न बारीक वाटेल पण सगळं त्यावर अडतं. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, आणि वावर ठेक्याने, बटईने देण्याघेण्याची बोलणी पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत होतात. कसणाऱ्यांची नोंद त्याच दिवसांत ग्रामपंचायतीत घ्यावी. त्या दिवसांत बायका वेचणीतून मोकळ्या असतात, निंदण सुरू झालेलं नसतं, बँकेचं पीककर्ज वाटप अजून व्हायचं असतं. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणीला पीक उभं असेल तेव्हा फोटोशी नाव ताडून घ्यावं. टेबलामागे गावातल्या बचत गटाची एक बाई बसवावी, म्हणजे पिशवीत कागद घेऊन येणारीला आपलं काम सांगताना नवऱ्याला, दिराला सोबत आणावं लागणार नाही. ग्रामसभेला निम्म्या बायका हजर नसतील तर यादी वाचू नये, पुढच्या तारखेला वाचावी. आणि यादीवर हरकत आली तर तिचा निकाल पेरणीआधी पटवारी आणि ग्रामसेवकाने गावातच द्यावा, तहसीलला पाठवू नये.